नॉर्मल नंबर एक

५ जानेवारी १९८७, सोमवार

ही डायरी औषधांच्या कंपनीचा माणूस देऊन गेला. दर पानाच्या तळाशी त्यांच्या डोकेदुखीच्या गोळीचं नाव छापलंय. लॅबच्या रजिस्टरात जे लिहिता येत नाही ते मी यात लिहिणार आहे. म्हणजे बहुतेक राग.

आज मुळे सरांशी वाजलं. डॉ. हेमचंद्र मुळे आमच्या बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख, मी त्यांची टेक्निशियन. चितेगावला नटबोल्टांना कॅडमियमचा मुलामा देणारा एक कारखाना आहे. मुलाम्याच्या टाकीवर तेरा माणसं होती. दिवाळीत एक जण किडनी जाऊन वारला, उरले बारा. त्या बारा जणांना तपासून मार्चअखेर अहवाल द्या, असं कामगार खात्याचं आमच्या मेडिकल कॉलेजला पत्र आलं. सरांनी बाराही जणांचं रक्त पाहिलं, क्रिएटिनिन ठीक आलं, आणि सही करायला पेन उघडलं.

मी म्हटलं, "सर, जो गेला त्याचंही रक्त सहा महिन्यांपूर्वी ठीकच होतं."

मग मी गेल्या वर्षी मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये पाहिलेली टेस्ट सांगितली. किडनीत बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशींत एक एन्झाइम असतं. नाव हातभर लांब, आम्ही नुसतं नॅग म्हणतो. पेशी दुखावली की ते लघवीत उतरतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला किडनी निम्मी जावी लागते, नॅग त्याच्या कितीतरी आधी वाढतं. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यात काय शहाणपण?

सर म्हणाले, "चौसाळकर बाई, लघवीत एन्झाइम शोधणं म्हणजे गटारात सोनं शोधणं."

"सराफ्यातले झारेकरी तेच करतात, सर. गटारातली माती चाळून पोट भरतात."

हसले. "मार्चअखेरपर्यंत चाळा," म्हणाले. परवानगी मिळाली. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. गोळी घेतली.

१२ जानेवारी, सोमवार

मुंबईहून पावडर आली. करंगळीएवढी बाटली, तिला मी देव्हाऱ्यातल्या अत्तरासारखी जपते. लघवीत ती मिसळायची, सदतीस अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायची, मग सोडा घालायचा. एन्झाइम जितकं जास्त तितका पिवळा रंग गडद. तो रंग मशीनवर मोजायचा. पहिल्याच दिवशी मध्येच लाइट गेली. मी स्टोव्हवर पाणी तापवलं आणि हातात थर्मामीटर धरून उभी राहिले, पण सदतीस हलू दिलं नाही.

न-१ शेजारी ठेवलीच होती. १९६८ साली मी इथं लागले तेव्हा 'निरोगी माणसाचा नमुना' म्हणून लघवी द्यायला कोणी तयार होईना. बायका लाजायच्या, शिपाई हसायचे. शेवटी मी माझीच बाटली भरली आणि वर लिहिलं, न-१, नॉर्मल नंबर एक. तेव्हापासून साखर म्हणा, प्रोटीन म्हणा, काहीही तपासायचं तर शेजारी न-१ ठेवायची असा रिवाजच पडला. एकोणीस वर्षांत एकदा वाकडं आलेलं नाही. शिकायला येणारी मुलं म्हणतात, "बाई, तुम्ही म्हणजे आमचं नॉर्मल." मला त्याचा अभिमान आहे, का नसावा?

लेखांमधले आकडे वेगळ्या मशीनवरचे असतात, आपलं मशीन म्हातारं. म्हणून मी ठरवलंय की आकडा द्यायचाच नाही, न-१ च्या किती पट तेवढं द्यायचं. हिशोब सोपा आणि भांडायला जागा नाही. माझी बाटली तर पाण्यासारखी नितळ असते. तहानच एवढी लागते हल्ली, दिवसभर तांब्या जवळ लागतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हे बदलीवर नांदेडला, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. यमुनाबाई, वय चौऱ्याहत्तर, नजर घारीची. माझ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं त्या फेकू देत नाहीत. त्यांचा चंदेरी कागद सोलून, नखाने सपाट करून बिस्किटांच्या डब्यात ठेवतात, गणपतीच्या मखरासाठी. आज तिळगूळ हातावर ठेवताना म्हणाल्या, "यंदा मखर काय, अख्खं देऊळ होईल. सरोजिनी, तबियतीकडं बघ जरा."

मी म्हटलं, "देव माझ्यामुळे चांदीत बसतोय, तुमचं काय जातंय?"

हसल्या नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

पैठणच्या बसने चितेगाव. नमुने थंड राहिले नाहीत तर एन्झाइम मरतं, म्हणून गुलमंडीवरच्या कुल्फीवाल्याचा हंडा मागून नेला, बर्फ आणि खडेमीठ भरून. हंडा परत घेताना त्यात काय होतं ते त्याला सांगायचं नाही, असं ठरवलंय.

पुंजाराम त्या बारा जणांचा म्होरक्या. चाळिशीचा गडी, दात पिवळे पडलेत. बाटली हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाला, "बाई, ह्ये तपासून काय व्हनार? टाकीवरून काढत्यात तवा गेटाबाहीरच काढत्यात. मला तर काय बी झालं नाय."

त्याची बायको आवडाबाई मागून कडाडली. "झालं नाय म्हनं! मालक रातच्याला चारदा उठत्यात. हाडं ठनकत्यात. आन कंपनीचा डाक्टर म्हनतो रगत झकास हाय. झकास आसतं तर मानूस भितीला धरून उठला आसता व्हय?"

चारदा उठण्यात विशेष काय ते मला कळलं नाही. मीही तीनदा उठते. पण भिंतीला धरून उठतो हे मी वहीत टिपून घेतलं. बाराही बाटल्या मिळाल्या. पुढच्या वेळी हंडा आवडाबाईच घेऊन येणार आहे, तिचा माझ्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास जास्त.

३० जानेवारी, शुक्रवार

निकाल लागला. न-१ ला एक धरलं तर पुंजाराम एक पूर्णांक चार, बाकीचे एक पूर्णांक दोन, तीन, असे. एक जण तर माझ्याबरोबरीला.

मुळे सरांनी कागद बघितला. "बाई, तुमच्यात आणि टाकीवरच्या माणसात एवढाच फरक? एवढा फरक माझ्या दोन हातांत आहे."

"पुन्हा करते."

"किती वेळा?"

"मार्चअखेरपर्यंत तुम्हीच म्हणालात."

जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. थंडीचे दिवस, वय अठ्ठेचाळीस, चालायचंच. गोळी घेतली, दुपारीही घेतली होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच. पावडर बदलून पाहिली, पाणी बदललं, मशीनचा दिवा बदलला. एक पूर्णांक तीन.

कंपनीचे डॉक्टर आले होते. सूट, हातात सतत वाजणारा किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, "मॅडम, तुमच्या टेस्टनेच सिद्ध झालं की आमची माणसं तुमच्याइतकीच ठणठणीत आहेत. आभारी आहे."

मी म्हटलं, "आभार अहवाल आल्यावर माना. अजून दीड महिना आहे." पाठ फिरल्यावर मात्र सगळे आकडे पुन्हा तपासले. मी चुकत असेन तर? मुंबईत चार दिवस शिकून आलेली टेक्निशियन आणि तिची ही मिजास. पण भिंतीला धरून उठणारा माणूस माझ्याइतका ठणठणीत कसा? काहीतरी चुकतंय, आणि ते पुंजारामच्या बाटलीत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन महिने गायब असलेली पाळी नेमकी आज आली. रक्त मिसळलं की नमुना बाद, म्हणजे आज न-१ नाही. एरवी मी टेस्ट पुढे ढकलते, पण आवडाबाई हंडा घेऊन दारात उभी होती आणि बर्फ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. तिलाच म्हटलं, "एक बाटली भरून देता?"

"माझी? काहून? म्या कुटं टाकीवर हाय?"

"म्हणूनच."

पदर तोंडाला लावून हसली, पण दिली.

आणि निकाल काय! बाराही जण एकदम सहा पट, सात पट, पुंजाराम तर आठ. क्षणभर मी स्टुलावरून उठून उभी राहिले. मग भान आलं. नऊ दिवसांत बारा माणसांच्या किडन्या एकदम बसतील कशा? शक्यच नाही. बारा जणांच्या नळ्या मागच्या वेळेइतक्याच पिवळ्या होत्या. आवडाबाईची तेवढी फिक्कट होती. म्हणजे तिचाच नमुना बिघडलेला. सोड्याच्या ओल्या हाताने बाटली धरली असेल, एन्झाइम मेलं. आजचा निकाल रद्द केला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आवडाबाई बारा बाटल्यांचा हंडा घेऊन आली, तेव्हा तिला सांगितलं की तुमचा नमुना बिघडलेला निघाला. लई लागलं तिला.

"माझ्यात खोट काढली व्हय? चार दगडं उचलून न्हेते म्या, कधी सुई टोचून घेतली नाय. थांबा तुमी."

दुपारच्या बसने ती पाच जणींना घेऊन आली. जाऊ, सून, दोन शेजारणी आणि मनकर्णाबाई नावाची एक साठीची म्हातारी. हसत-लाजत तिच्यासकट सहा बाटल्या भरल्या. माझी पाळी संपली होती, म्हणून न-१ ही ठेवली. नळ्या ओळीने लावल्या, सोडा घातला. सहा नळ्या सायीच्या रंगाच्या. बारा नळ्या हळदीच्या. आणि न-१.

मी म्हटलं, "तुमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात काहीतरी असणार. एन्झाइम दबतंय."

आवडाबाई नळ्यांकडे बघत होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण रंग कळतात. "बाई, टाकीवरची मानसं बी त्याच हिरीचं पानी पित्यात. आमी सा जनी सारख्या. ते बारा सारखे. आन ही तुमची त्या बारांच्या संगं. मंग येगळं कोन?"

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. जरा जोरातच बोलले. एकोणीस वर्षं मी इथं काम करते, तिला काय कळतं? डोकं फुटायची वेळ आली. गोळी घेतली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तिला कळतं.

काल दोन नर्सची, ग्रंथालयातल्या बाईंची आणि सासूबाईंची बाटली लावली. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यांची माझ्या एक पंचमांश. आज माझी सकाळ-दुपार-संध्याकाळ तीनदा लावली. तिन्ही वेळा हळद.

मी भ्याले आहे. इथं लिहायला काय हरकत आहे, इथं कोणी वाचत नाही. लॅबमध्ये सगळे घरी गेल्यावर स्टुलावर बसून रडले, मग नळ्या धुतल्या, कारण न धुता ठेवल्या तर डाग पडतात.

टेस्ट पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. बारा जण आजारी आहेत. मीच एका आजारी माणसाला एक धरून बसले होते. पण मला काय होणार? मी टाकीवर कधी गेले?

२८ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ठीक, युरिया ठीक. लघवीत साखर नाही, प्रोटीन नाही. खाली शिक्का: नॉर्मल.

आधी हुश्श वाटलं. मग आठवलं, पुंजारामच्या कागदावर हाच शिक्का आहे. गेलेल्या माणसाच्या कागदावरही हाच होता. आयुष्यात कुठल्या शब्दाचा मला इतका राग आला नसेल.

६ मार्च, शुक्रवार

मेडिसिनच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत, हेच पुष्कळ. त्यांनी शिरेत रंगाचं औषध देऊन किडनीचे एक्स-रे काढवले. फिल्म दिव्यासमोर धरून बोटाने एकेक जागा दाखवली. दोन्ही किडन्या आखडलेल्या, कडा दातेरी, आतल्या टोकांची झीज.

"बाई, गोळ्या घेता का कसल्या?"

"डोकेदुखीच्या. अधूनमधून."

घरी आले. सासूबाईंना विचारलं, डबा कुठाय. त्यांनी माळ्यावरून एक काढला, मग दुसरा, मग कणकेचा मोठा पत्र्याचा, मला माहीतच नसलेला. पाटावर ओतला. माझ्या 'अधूनमधून'चा ढीग पाटावर मावेना, जमिनीवर सांडला. सगळं घर चकचकत होतं.

"मी किती वेळा बोलले," सासूबाई म्हणाल्या आणि ढिगाशेजारी खाली बसल्या. मीही त्यांच्याजवळ बसले. किडनी वाया घालवणारी मी, आणि पुरावा मात्र त्यांनी नीट इस्त्री करून ठेवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत कळलंय, गोळ्या आजच बंद केल्या तर आहे तेवढं टिकेल. रक्ताच्या भरवशावर राहिले असते तर कळलं तेव्हा टिकवायला काही उरलं नसतं.

११ मार्च, बुधवार

मुळे सरांना फिल्म दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही, पण पाणी पाहून पाय टाकणारा.

"तुम्ही आधी रजा घ्या. आणि बाई, ही टेस्ट अहवालात नको. नॉर्मल मध्येच बदललं म्हटलं की कंपनी म्हणणार आकडे जुळवले. का बदललं सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागेल. एकोणीस वर्षं या लॅबचं नॉर्मल आजारी होतं असं बाहेर कळलं, तर एकोणीस वर्षांच्या कागदांचं काय? तुमच्या नोकरीचं काय?"

"सर, साखर-प्रोटीनला मी नॉर्मलच होते, आजही आहे. ते कागद खरे आहेत. नॅगचा हिशोब तेवढा चुकला, आणि तो मी चुकवला."

"विचार करा."

"आणि टाकीवरची बारा माणसं?"

"विचार करा," परत तेच.

१७ मार्च, मंगळवार

गोळी बंद करून अकरा दिवस. कपाळात कोणीतरी पाटा-वरवंटा चालवतंय. ओढणीने डोकं आवळून काम करते. कपाटात एक पाकीट उरलंय, दोनदा कपाटापर्यंत गेले आणि परत आले.

सरांचं म्हणणं मनातून जात नाही. गुपचूप बाटली बदलली तर कोणाला कळणार? आवडाबाईला न-१ म्हणायचं, जुने कागद फाडायचे, झालं. माझी अब्रू राहील. पण कंपनीच्या डॉक्टरकडे जुना निकाल आहे, तो विचारणारच की नॉर्मल का बदललं, आणि मी गप्प बसले की बारा जण टाकीवरच राहणार.

वडील तहसिलीत पेशकार होते. पोलीस अॅक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, उर्दू दफ्तर मराठीत उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. मी दहा वर्षांची, दिव्याजवळ बसून बघायची. एका जमिनीच्या कागदात त्यांची स्वतःचीच जुनी चूक निघाली. गुपचूप सुधारता आली असती, उर्दू वाचणारं पुढे कोण राहणार होतं? त्यांनी चूक तशीच उतरवली, शेजारी बरोबर मजकूर लिहिला आणि समासात लिहिलं, 'ही चूक माझी', खाली सही. आई म्हणाली होती, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वडील जेवत राहिले.

उरलेलं पाकीट नळाखाली धरून गोळ्या वाहून जाऊ दिल्या. कागद सासूबाईंनीही मागितला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

बैठक झाली. टेबलाभोवती मुळे सर, कंपनीचे डॉक्टर, मॅनेजर, कामगार खात्याचे साहेब. दाराशी पुंजाराम, धुतलेला सदरा घालून, खुर्ची असून उभा. अहवाल मी वाचला. सरांनी सकाळपर्यंत सही केली नव्हती, नको असंही म्हटलं नव्हतं.

बाराही जणांचं नॅग निरोगी माणसांच्या सहा ते आठ पट, हे वाक्य वाचून होईपर्यंत कंपनीचे डॉक्टर वाट बघत होते. मग जुना कागद काढून टेबलावर ठेवला. "फेब्रुवारीत एक पूर्णांक तीन. मार्चमध्ये आठ. मॅडम, तुमचं नॉर्मल मध्येच बदललं. आणि अगदी सोयीचं बदललं."

"हो, बदललं. नॉर्मल नंबर एक म्हणजे मी. आधीची बाटली माझी होती."

मी रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर सरकवला. "हा माझा. शिक्का बघा. तुमच्या बाराही जणांच्या कागदांवर आहे तोच."

"म्हणजे तुम्ही ठीक आहात."

"तसं रक्त म्हणतंय. बाटली म्हणाली नाही. आता दोघांत खरं कोण ते बघा." मी उठून फिल्म खिडकीच्या काचेवर लावली. फिल्म सारखी गुंडाळली जात होती, एका हाताने मला आवरेना. मुळे सर उठले, खिडकीपाशी आले आणि दुसरा कोपरा काचेवर दाबून धरला. माझ्याकडे बघितलं नाही, पण हात काढलाही नाही.

कंपनीचे डॉक्टर कितीही झालं तरी डॉक्टर. त्यांना दातेरी कडा दिसल्या. किल्ल्यांचा आवाज थांबला.

"माझं गोळ्यांनी झालं, यांचं टाकीने," मी म्हटलं. "मला दोन वर्षांनी कळायच्या ऐवजी आज कळलं म्हणून मी वाचतेय. यांना आज कळलंय. आता तुम्ही फिट म्हणून लिहा, पण माझ्या डोळ्यांत बघून लिहा."

अहवालाच्या समासात मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: फेब्रुवारीतल्या हिशोबाची चूक माझी, सरोजिनी चौसाळकर. कामगार खात्याच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. मुळे सरांनी फिल्म सोडली, खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीखाली सही केली.

बाहेर पुंजाराम म्हणाला, "बाई, तुमी सोताचंच काढून दाखिवलं की चारचौघांत." मी म्हटलं, "मग काय तुमचंच दाखवत बसू?"

३ एप्रिल, शुक्रवार

हुकूम आला. बाराही जण पुढच्या तपासणीपर्यंत टाकीवरून बाजूला, कामावरून काढायचं नाही, टाकीवर धूर ओढणारा पंखा बसेपर्यंत टाकी बंद. पंखा खरंच बसेल का, तपासणी किती लांबेल, कोण जाणे. मी दर महिन्याला नमुने घेणार आहे, मला कोणी सांगितलेलं नसताना.

आवडाबाई हंडा घेऊन आली. पुंजारामला पॅकिंगला बसवलंय आणि तो चिडलाय. "म्हनत्यात, बायकांच्या संगं बसिवलं मला. म्या म्हनलं, बसा की. जित्ते तर ऱ्हाल."

मी नवी बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यासमोर लिहिलं: न-१. काय लिहिलं, तिने विचारलं. सांगितलं, आजपासून या लॅबचं नॉर्मल तुम्ही.

"म्हंजी म्या पैली आले?"

"पहिली. आणि त्या दिवशी तुम्हाला बाहेर बसवलं, त्याबद्दल माफ करा."

"बाहीर सावली हुती," ती म्हणाली आणि बाटली घेऊन गेली.

मग रजिस्टर उघडलं. टाकीवरच्या बारा नावांखाली तेरावी ओळ आखली. सरोजिनी चौसाळकर, वय अठ्ठेचाळीस, काम लॅब टेक्निशियन, कारण गोळ्या. पुढच्या रकान्यात आजचा आकडा. गेल्या महिन्यापेक्षा थोडा खाली आलाय, फार नाही.

घरी सासूबाईंनी तिन्ही डबे भंगारवाल्याला देऊन टाकलेत. यंदा मखर फुलांचं करायचं म्हणतात. या पानाच्या तळाशी गोळीचं नाव छापलंय, त्यावर आत्ताच काट मारली.

डोकं दुखतंय. दुखू दे.